भूल कुणासाठी?

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोगशास्त्राच्या तोंडी परीक्षेला टेबलावर हत्यारं मांडलेली असतात. परीक्षक एकेक उचलून समोर धरतात आणि विद्यार्थ्याने नाव सांगायचं. दोन्ही टोकांना चमच्यासारखी वळलेली पट्टी म्हणजे सिम्सचा स्पेक्युलम. सेंटिमीटरच्या खुणा असलेली, टोकाशी गोल बोंड असलेली लांब सळई म्हणजे सिम्पसनचा यूटेराइन साउंड. मग उपयोग विचारला जातो. पहिल्याने योनिमार्ग उघडून आतलं दिसतं, दुसऱ्याने गर्भपिशवीची खोली मोजतात. एवढं आलं की गुण मिळतात.

सिम्स आणि सिम्पसन समकालीन. वयात दोन वर्षांचं अंतर, एक अमेरिकेतल्या अलाबामात, दुसरा स्कॉटलंडच्या एडिंबरात. १८४५ ते १८४९ या काळात दोघेही बायकांच्या दुखण्यावरच काम करत होते. बाईला वेदना होते तेव्हा डॉक्टरने काय करायचं, याची दोन उत्तरं त्यांनी दिली. परीक्षेत ती कुणी विचारत नाही.

माँटगोमेरी हे कापसाच्या मळ्यांनी वेढलेलं गाव. जेम्स मॅरियन सिम्स तिथे १८४० पासून डॉक्टरकी करत होता. १८४५ साली त्याला एका मळ्यावर बोलावणं आलं. अनार्का नावाची साधारण सतरा वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडली होती. सिम्सने चिमटा लावून मूल बाहेर काढलं. काही दिवसांनी लक्षात आलं, की अनार्काचा लघवीवर ताबा राहिलेला नाही. बाळाचं डोकं ओटीपोटात दिवसच्या दिवस अडकून पडलं, की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा दाबाखाली मरतो, गळून पडतो आणि तिथे भोक पडतं. मग लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. कातडी सोलवटते, अंगाला वास येतो, माणसं दूर बसतात. त्या काळी यावर इलाज नव्हता. मालकाच्या दृष्टीने अशी बाई ना कामाची, ना गुलामांची संख्या वाढवण्याच्या उपयोगाची.

त्याच सुमाराला बेट्सी आणि लूसी या दोन मुलीही हेच दुखणं घेऊन सिम्सकडे आल्या. ‘आल्या’ म्हणायचं, खरं तर पाठवल्या गेल्या. सिम्सने आधी हात वर केले. पण घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईला तपासताना त्याला एक युक्ती सापडली. बाईला गुडघ्यांवर ओणवं केलं की हवा आत शिरते आणि योनिमार्ग फुगतो. घरी परतताना त्याने दुकानातून जस्तकथलाचा एक चमचा विकत घेतला, त्याची दांडी वाकवली आणि तो बेट्सीवर वापरून पाहिला. भोक स्वच्छ दिसलं. आजचा स्पेक्युलम त्या चमच्याचा वंशज आहे.

मग त्याने मालकांशी करार केला. मुलींना तो स्वतःच्या खर्चाने ठेवून घेईल, जीव जाईल असं काही करणार नाही, फीही घेणार नाही. गुलामांवरचा सरकारी कर आणि त्यांचे कपडे मात्र मालकांनी बघायचे. घराच्या मागच्या अंगणात छोटं इस्पितळ उभं राहिलं. या करारात कुणाकुणाची संमती होती हे पाहिलं, की तीन पोरींचं नाव कुठेच येत नाही. तिघींचं लिहिलेलं एक अक्षरही आपल्याकडे नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक सिम्सच्या आत्मचरित्रातून, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १८८४ साली छापलेल्या पुस्तकातून येतं. ज्याच्या हातात सुरी होती, त्याचीच साक्ष.

पहिली पाळी लूसीची. गावातले डझनभर डॉक्टर बघायला जमले होते. त्यांच्यासमोर ती गुडघे आणि कोपरांवर ओणवी होऊन राहिली, आणि सिम्स तासभर भोकाच्या कडा कापून टाके घालत होता. भूल नाही. ती धीराने सोसत होती, असं तोच लिहितो. लघवी बाहेर यावी म्हणून त्याने मूत्रमार्गात स्पंजचा तुकडा ठेवला. पाच दिवसांत लूसीला ताप चढला, स्पंजवर क्षार बसून तो दगडासारखा झाला होता. तो ओढून काढताना तिला झालेल्या यातनांचं वर्णनही त्याच पुस्तकात आहे. ती वाचत नाही असं सिम्सला वाटलं होतं. तिला सावरायला दोन-तीन महिने लागले. शस्त्रक्रिया फसली होती.

असं चार वर्षं चाललं. बघे डॉक्टर हळूहळू कंटाळून यायचे बंद झाले, तेव्हा सिम्सने त्या मुलींनाच मदतीला शिकवलं. एकीवर शस्त्रक्रिया चालू असताना बाकीच्या तिला धरून ठेवत. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा शस्त्रक्रिया झाली. १८४९ च्या उन्हाळ्यात सिम्सने रेशमाऐवजी चांदीच्या बारीक तारेचे टाके घातले, शिशाचे छोटे मणी चेपून ते पक्के केले आणि या वेळी जखम भरली. अनार्का बरी झाली. वैद्यकाच्या इतिहासात हा टप्पा मोठाच आहे. त्यानंतर या दुखण्याच्या असंख्य बाया बऱ्या झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता भुलीचा हिशेब. लूसीवर सुरी चालली तेव्हा ईथरची भूल जगाला माहीतच नव्हती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं १६ ऑक्टोबर १८४६ ला. म्हणून पहिल्या प्रयोगांबद्दल सिम्सला दोष देणं अन्यायाचं होईल. त्याच्या बाजूने लिहिणारे हेच सांगतात, शिवाय या मुलींनाही आपलं दुखणं बरं व्हायला हवं होतं, असं म्हणतात. तेही खरं असेल. पण १८४७ पासून ईथरचा बोभाटा सगळीकडे झाला होता, आणि प्रयोग १८४९ पर्यंत चालले. सिम्सने मुलींना अफू दिली ती शस्त्रक्रियेनंतर. पुढे १८५७ साली, न्यू यॉर्कमध्ये नावारूपाला आल्यावर, त्याने जाहीर भाषणात सांगितलं, की या शस्त्रक्रियेला आपण भूल देत नाही, कारण भुलीचा खटाटोप आणि धोका पत्करावा इतकी ती दुखतच नाही. लूसीच्या यातनांचं वर्णन पुढे ज्याने लिहिलं, त्याच माणसाचं हे मत. म्हणजे दुखतं हे त्याला माहीत होतं. ते मोजण्याजोगं आहे की नाही, हा प्रश्न त्याने वेगळा ठेवला होता.

असं वेगळं ठेवायला त्या काळचं शास्त्रही हातभार लावत होतं. सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेतल्या डॉक्टरने १८५१ साली काळ्या लोकांचा एक ‘आजार’च शोधून काढला. त्याचं एक लक्षण होतं कातडीची बधिरता. हा मूर्खपणा जुना झाला असं समजू नये. व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पाहणीतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांची काळ्यांच्या शरीराबद्दल निदान एक तरी खोटी समजूत होती. काळ्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक.

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कलगतचा सिम्सचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये उचलला गेला. तीन वर्षांनी मिशेल ब्राउडर या शिल्पकर्तीने माँटगोमेरीतच अनार्का, बेट्सी आणि लूसी यांचे उंच पुतळे उभे केले, भंगार लोखंडाचे.

त्याच काळात एडिंबरामध्ये चित्र निराळं होतं. तिथला प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक जेम्स यंग सिम्पसन याने जानेवारी १८४७ मध्येच एका अडलेल्या बाईला ईथर दिलं होतं. पण ईथरचा वास उग्र, खोकला आणणारा. म्हणून सिम्पसन आणि त्याचे दोन सहायक, कीथ आणि डंकन, रात्रीच्या जेवणानंतर एकेक रसायन स्वतः हुंगून बघत बसत. ४ नोव्हेंबर १८४७ ला, ५२ क्वीन स्ट्रीटवरच्या घरी, क्लोरोफॉर्मच्या बाटलीची पाळी आली. आधी सगळे एकदम बोलके झाले, हसले, आणि मग तिघेही टेबलाखाली आडवे. घरातल्या मंडळींनी पाहिलं तेव्हा एक घोरत होता, एक लाथा झाडत होता. सिम्पसनच्या बायकोच्या भाचीनेही त्याच रात्री हुंगून पाहिलं आणि ‘मी देवदूत झाले’ असं काहीसं बडबडत ती झोपी गेली. प्रयोग आधी स्वतःवर आणि घरच्यांवर, हा फरक माँटगोमेरीच्या अंगणाशेजारी ठेवून बघावा. (क्लोरोफॉर्म वापरून बघा असं सुचवणारा लिव्हरपूलचा रसायनज्ञ डेव्हिड वॉल्डी पुढे कलकत्त्याला आला, तिथेच त्याने रसायनांचा कारखाना काढला.) आठवड्याच्या आत क्लोरोफॉर्म बाळंतिणीला दिलं गेलं होतं आणि एडिंबराच्या डॉक्टरांच्या सभेत त्यावर निबंधही वाचून झाला होता.

आणि मग गहजब उडाला. दात काढताना किंवा पाय कापताना भूल दिली तर कुणाची फारशी तक्रार नव्हती. बाळंतपणात दिली की मात्र धर्म आडवा आला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने ईव्हला दुःखात मुलं प्रसवण्याचा शाप दिला आहे, तो पुसणारे तुम्ही कोण? सिम्पसन मुळात धार्मिक घरातला. त्याने डिसेंबर १८४७ मध्ये पत्रक काढून त्याच पुस्तकातून उत्तर काढलं. देवाने आदमची बरगडी काढली ती त्याला गाढ झोपेत घालून. पहिली भूल देवाचीच, आणि तीही पुरुषाला! या उत्तरावर एडिंबरामध्ये किती हशा पिकला असेल ते सोडा, पण युक्तिवाद बिनतोड होता.

धर्माच्या विरोधापेक्षा डॉक्टरांचा विरोध जास्त चिवट निघाला. फिलाडेल्फियाचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांनी सिम्पसनला कळवलं, की बाळंतपणाच्या कळा ही जीवनशक्तीची हितकर खूण आहे, ती बुजवणं बरं नव्हे. याच मेग्जनी पुढे, डॉक्टरांच्या हातांमुळे बाळंतिणींना ताप येतो या म्हणण्याला उत्तर दिलं होतं, की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छ असतात. अशा माणसांशी वाद घालून बाळंतिणीच्या वाट्याला किती आलं असतं कोण जाणे.

वाद मिटवला तो एका बाळंतिणीनेच, फक्त ती इंग्लंडची राणी होती. ७ एप्रिल १८५३ ला व्हिक्टोरियाचं आठवं बाळंतपण झालं. डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर क्लोरोफॉर्मचे थोडेथोडे थेंब टाकत तिला ५३ मिनिटं भूल दिली. (लंडनमधल्या कॉलऱ्याचा माग काढत पाण्याच्या पंपापर्यंत पोचलेले स्नो ते हेच, पुढल्याच वर्षी.) राणी पूर्ण बेशुद्ध झाली नाही, कळा तेवढ्या बोथट झाल्या. दैनंदिनीत तिने या औषधाचं मनापासून कौतुक लिहिलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तर आधी, असा धोकादायक सल्ला राजवाड्यात कुणी दिला यावर आपला विश्वासच बसत नाही, असा पवित्रा घेतला. पण १८५७ मध्ये बीट्रिसच्या जन्माच्या वेळी राणीने पुन्हा क्लोरोफॉर्म घेतलं आणि मग ज्यांच्या घरी डॉक्टर येत होता अशा बाया ते मागू लागल्या. शाप, जीवनशक्ती वगैरे बोलणं ओसरलं. १८४७ ते १८५३ या सहा वर्षांत औषध तेच होतं. बदलली ती मागणारी.

बायकांनी स्वतः संघटना काढून भूल मागितली त्याला आणखी साठेक वर्षं गेली. जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावी क्र्योनिग आणि गाउस हे डॉक्टर बाळंतिणींना स्कोपोलामाइन आणि मॉर्फिन देत. त्याला नाव पडलं ‘ट्वायलाइट स्लीप’, संधिप्रकाशातली झोप. जून १९१४ मध्ये ‘मॅक्ल्युअर्स’ या अमेरिकी मासिकात दोन लेखिकांनी त्यावर लेख लिहिला आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. फ्रायबर्गला जाऊन आलेल्या सुखवस्तू बायांनी राष्ट्रीय संघटना काढली, मोठमोठ्या दुकानांमधून सभा घेतल्या, आपापली गुटगुटीत बाळं व्यासपीठावर आणून दाखवली. मतदानाचा हक्क मागणाऱ्या कार्यकर्त्याही त्यात होत्या. डॉक्टर बधेनात तर गिऱ्हाईक म्हणून आपण बधवू, असा त्यांचा खाक्या होता. तो चाललाही.

पण या औषधात एक ग्यानबाची मेख होती. त्याने वेदना थांबत नसे, तिची आठवण पुसली जाई. बाई ओरडे, तडफडे, हातपाय झाडे. म्हणून तिचे डोळे आणि कान झाकत, भोवती गाद्यांची कुंपणं लावत, मनगटं पट्ट्यांनी बांधत. दुसऱ्या दिवशी ती हसतमुखाने सांगे, काहीच दुखलं नाही. मला तरी हा सौदा भुलीपेक्षा फसवणुकीच्या जवळचा वाटतो. ऑगस्ट १९१५ मध्ये चळवळीतली एक पुढारी, मिसेस कार्मोडी, ब्रुकलिनमध्ये बाळंतपणात दगावली. औषधामुळे नव्हे असं डॉक्टरांनी आणि तिच्या नवऱ्यानेही सांगितलं, पण चळवळीचा जोर ओसरला. औषध मात्र अमेरिकी इस्पितळांत टिकलं. १९५८ साली ‘लेडीज होम जर्नल’ने प्रसूतिगृहांमधल्या क्रौर्याबद्दल वाचकांची पत्रं छापली, तेव्हा त्यांत बांधून ठेवल्याच्या तक्रारी होत्याच.

बाळंतपणाचा प्रश्न असा वाजतगाजत सुटत गेला, मग बाकीच्या तपासण्या आणि छोट्या प्रक्रिया मागे का राहिल्या? गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढणं, क्युरेटिंग, दुर्बिणीतून पिशवी बघणं (हिस्टेरोस्कोपी), तांबी बसवणं. एक कारण १९५३ च्या पुस्तकात सापडतं. अल्फ्रेड किन्सी या लैंगिकतेच्या अभ्यासकाच्या स्त्रियांवरील अहवालात एक निष्कर्ष होता, की पिशवीच्या तोंडाला हलकासा स्पर्श केला तर पाच टक्क्यांहून कमी बायांना तो कळला. हलक्या स्पर्शाबद्दलच्या या निरीक्षणाचा पुढे विस्तार झाला आणि ‘पिशवीच्या तोंडाला संवेदनाच नसते’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी बसलं. प्रत्यक्षात तिथे कमरेखालच्या मणक्यांतून येणाऱ्या नसा आहेत. पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा छातीच्या खालच्या मणक्यांकडून येतात. बोट लावणं वेगळं, दातेरी चिमट्याने धरून ओढणं वेगळं, हे समजायला शास्त्र लागत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघर पोचला तो १९६५ पासून. भारत सरकारने गर्भपिशवीत बसवायचा लिप्सचा लूप कुटुंबनियोजनात आणला, शिबिरं लागली, केस आणणाऱ्यांना पैसे ठरले. पहिल्या दोन वर्षांत साधारण १७ लाख लूप बसले आणि मग आकडा घसरत गेला. अंगावरून जाणं, कंबर मोडणं, पोटात कळ, असं बाया सांगत होत्या. सरकारी भाषेत ती ‘अफवा’ झाली. नंतर तांब्याची तार गुंडाळलेली कॉपर टी आली, आपल्या बोलण्यातली तांबी. ती बसवायचा क्रम आजही तसाच आहे. स्पेक्युलमने मार्ग उघडायचा, पिशवीचं तोंड चिमट्यात धरायचं, सिम्पसनची सळई घालून खोली मोजायची, मग तांबी आत. दुखण्याच्या जागा तीन, चिमटा, सळई आणि तांबी. बाळंतपण झालेल्या बाईला बहुधा निभावतं, मूल न झालेलीला ते फार जड जाऊ शकतं, आणि काहींना तिथेच घेरी येते, कारण पिशवीचं तोंड ताणलं की नाडी मंदावते. बाईला मिळतं ते एक वाक्य, दोन मिनिटांचं काम आहे, अंग सैल सोडा.

हे वाक्य जगभर आहे. जून २०२१ मध्ये बीबीसीची निवेदिका नागा मुंचेटी हिने रेडिओवर स्वतःचा अनुभव सांगितला. तांबीसारखंच साधन बसवताना ती किंचाळली, दोनदा बेशुद्ध पडली, बाहेर बसलेल्या नवऱ्याला आवाज ऐकू गेला. ही बाई तेव्हा सकाळी देशाला बातम्या देत होती, तिच्यावर अतिशयोक्तीचा आळ घेणं कठीण होतं. गप्प बसलेल्या असंख्य बाया त्यानंतर बोलू लागल्या. राणीने केलं तेच काम इथे एका टीव्हीच्या चेहऱ्याने केलं, आणि हे मला खटकतं. अनोळखी बायांनी तेच वर्षानुवर्षं सांगितलं तेव्हा ते तक्रारवहीत राहिलं होतं. ब्रिटनमध्ये बिनभुलीच्या हिस्टेरोस्कोपीविरुद्ध रुग्णांचा गट आधीपासून लढत होता. खासदार लिन ब्राउन यांनी २०१३ पासून हा विषय संसदेत पुन्हा पुन्हा काढला, बायांच्या हकिगती वाचून दाखवल्या.

अखेर कागदही हलले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने सांगितलं, की तांबी बसवण्याआधी प्रत्येकीशी दुखण्याबद्दल बोला. लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध, मग ते पिशवीच्या तोंडाशेजारी इंजेक्शनने असो की जेल वा फवाऱ्याने, उपयोगी पडू शकतं. मे २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाह्यरुग्ण विभागातल्या अशा सगळ्या प्रक्रियांसाठी मार्गदर्शक मजकूर काढला आणि त्यात कबूल केलं, की डॉक्टर बायांच्या वेदनेचा अंदाज कमी लावतात. लिग्नोकेन आपल्याकडे दात काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात असतं. दाताच्या डॉक्टरला ‘दोन मिनिटं सोसा’ म्हणून दाढ उपटता येत नाही, रुग्ण खुर्चीतून उठून जाईल. पाय बांधलेल्या टेबलावरून उठून जाणं तितकं सोपं नसतं.

ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने हिस्टेरोस्कोपीबद्दल रुग्णांसाठी जी माहितीपत्रिका काढली आहे तिच्यात या अडचणीवरही लिहिलं आहे. तपासणी कुठल्याही क्षणी थांबवायला सांगता येतं, आणि हवी असेल तर पूर्ण भुलीखाली करून मागता येते.